बाकावरचे अण्णा

“ही बाई कोण?”

गंगाकाकूंनी चष्मा नाकावर सरकवला आणि बोट थेट माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवलं. बोटाला शेंगाचटणीचं तेल होतं. पडद्यावर त्यांच्याच बंगल्यापुढची बाग होती, म्हणजे मी काढलेली: हिरवीगार लॉन, वेलींची कमान, कमानीखाली बाक आणि बाकावर पाय पसरून बसलेली एक गोरी बाई. शेजारी कुत्रं.

“कोणी नाही, काकू. सॉफ्टवेअरमध्ये बाकाबरोबरच येते ती.”

“आमच्या बाकावर?”

“नुसती दाखवायला. माणूस बसलेला दिसला की बाक केवढा आहे ते कळतं.”

“मग हीच मिळाली का? गुडघे उघडे टाकून बसलीय. आणि ते कुत्रं घाण करेल ते कोण काढणार?”

“बाई जाऊ दे,” झोपाळ्यावरून अण्णा गरजले. “बांबू दाखव.”

चनबसप्पा म्हेत्रे, म्हणजे सगळ्या गल्लीचे अण्णा. टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही ते यंत्रमाग चालू असल्यासारखे बोलायचे. त्यांनी मला बोलावलं होतं ते बांबूसाठीच. कामाच्या पहिल्याच बोलण्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, “बाग तुला पाहिजे तशी कर. मला दोन गोष्टी पाहिजेत. बसायला बाक, आणि त्या बाकावरनं शरण्याचं तोंड दिसता कामा नये.”

शरण्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ शरणप्पा. दोघांचे बंगले एकाच आवारात, मध्ये कमरेएवढी तारेची जाळी. जाळीपलीकडे एक शेवगा होता, त्यांच्या आईनं लावलेला. वाटणीत बुंधा शरणप्पांकडे गेला, पण फांद्यांना कोणी वाटणी समजावली नव्हती, त्या अण्णांच्या अंगणात लोंबत होत्या. अण्णा शेंगा तोडायचे. एकदा शरणप्पा सहज म्हणाले, “तोडायच्या आधी विचारत जा की, अण्णा.” झालं. आपल्या आईच्या झाडाच्या शेंगा धाकट्याला विचारून तोडायच्या? तेव्हापासून बोलणं बंद. नक्की किती वर्षं, ते गल्लीत कोणालाच सांगता येत नव्हतं. शेंगा मात्र दर वर्षी झाडावरच वाळायच्या आणि दोन्ही घरांत आमटीला बाजारातून शेंगा यायच्या.

मला हे काम पाहिजे होतं. नुसतं पाहिजे नव्हतं, त्यावाचून माझी नर्सरी हातची चालली होती. विजापूर रस्त्याला सासऱ्यांच्या जागेत मी ती थाटली होती आणि मामंजींना तिथं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर काढायचं होतं. “सोलापुरात गाडीवर धूळ बसणार म्हणजे बसणारच. झाड जगेल का नाही, ते झाडालाही माहीत नसतंय,” असं ते म्हणायचे आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एक मोठं काम आण, नाहीतर पाडव्याला वॉशिंग सेंटरचा नारळ फुटेल, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. माझा नवरा महांतेश तेव्हा आमटीत भाकरी कुस्करत होता. त्यानं ती आणखी बारीक कुस्करली. आमच्या घरात त्याच्याकडून मिळणारा पाठिंबा साधारण असाच असतो.

म्हणून मी पुण्याला जाऊन लँडस्केप कंत्राटदारांसाठी भरलेलं एक शिबिर करून आले होते. तिथं बागेची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकवलं आणि धंदा कसा वाढवायचा तेही शिकवलं. शिकवणारे सर भर उन्हाळ्यात कोट घालून उभे होते. “झाड विकू नका,” ते म्हणाले, “झाडाखाली बसलेला माणूस विका!” ग्राहकाला चित्रात तो स्वतः दिसला पाहिजे, म्हणजे काम आपलं. त्याच्या दारात मोकळ्या हातानं जायचं नाही. आणि आपली गाडी म्हणजे गाडी नव्हे, ती रस्त्यावरून फिरणारी जाहिरात आहे. सोलापूरला परत येईपर्यंत मी हे सगळं एस.टी.त पाठ केलं.

“हे बघा बांबू,” मी अण्णांना म्हणाले. जाळीच्या कडेनं रोपांची एक ओळ दिसत होती. “आता ही लावल्या दिवसाची उंची. ही कळ दाबली की एका वर्षानं किती वाढतील ते दिसतं.”

मी कळ दाबली. बांबू वाढले. अण्णा झोपाळ्यावरून उठले.

“मी दाबू?”

त्यांनी दाबली. बांबू पुन्हा वाढले आणि शरणप्पांच्या बंगल्याची खालची खिडकी झाकली गेली. पुन्हा दाबली, गॅलरी गेली. मग ते दाबतच सुटले. वरची टाकी गेली, टाकीवरचा अँटेना गेला, शेवटी पडद्यावर नुसता बांबूच राहिला. अण्णांच्या तोंडावर असं समाधान मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही बघितलं नव्हतं.

“गेला!” ते म्हणाले. “बघ गंगे, शरण्या गेला!”

“अभद्र बोलू नका,” काकू म्हणाल्या. “आधी त्या बाईला उठवा.”

“हां, ती बाई काढ आणि तिथं मला बसव.”

मला सरांचे शब्द आठवले आणि अंगावर मूठभर मांस चढलं. ग्राहक आपण होऊन म्हणत होता की मला चित्रात बसव! काकूंनी आतून फोटो आणून दिला. सिद्धेश्वराच्या यात्रेतला होता. अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, मांडीवर हात. पूजा चाललेली असल्यामुळे डोळे मिटलेले.

“डोळे उघडे असलेला नाही का?” मी विचारलं.

“उघड्या डोळ्यांनी ते सगळ्या फोटोत रागावलेलेच दिसतात,” काकू म्हणाल्या. ते खरंच होतं.

“आणि ह्या डबड्यात मला मुंगीएवढं दिसतंय,” अण्णा म्हणाले. “चांगलं मोठं करून आण. गुरुवारी अकराला पुण्याची पार्टी येणार आहे, तिचंपण बघणार मी. तू त्याच्या आधी ये. दोन्ही बघतो आणि तिथंच सुपारी देतो.”

मोठं करून आणायचं म्हणजे सोलापुरात एकच रस्ता: फ्लेक्स. मी अंबादास गुंडेटीकडे गेले. शहरातले निम्मे वाढदिवस आणि निम्म्या श्रद्धांजल्या अंबादासच्याच मशीनमधून निघायच्या. मी त्याला चित्र दिलं आणि सांगितलं, माणसाएवढा माणूस दिसला पाहिजे, आणि खाली नर्सरीच्या नावासाठी पट्टी मोकळी सोड, नाव मी नंतर चिकटवीन.

गुरुवारी सकाळी फ्लेक्स बघितला आणि मी चाटच पडले. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले साक्षात अण्णा. कमानीखाली, बाकावर, वेलींच्या फुलांत.

“डोक्यामागं थोडं तेज दिलंय, मॅडम,” अंबादास म्हणाला. “आणि चेहऱ्यावर जरा शांती आणली. त्याचे पैसे नाही घेतले. आपल्या घरच्यासारखे होते अण्णा.”

‘होते’ हा शब्द मी ऐकला. पण पुण्याची पार्टी अकराला येणार होती, आणि गडबडीत माणसाला ऐकू येतं ते कळतंच असं नाही.

महांतेशनं आमचा छोटा टेम्पो आणला. चौकट आडवी मावेना, म्हणून ती केबिनला टेकवून उभी बांधली, तोंड मागं करून. मोकळ्या हातानं जायचं नाही म्हणून मी नर्सरीतली उत्तमातली उत्तम शेवंती काढली, सगळी पांढरी, कारण त्या आठवड्यात तीच फुलली होती. कुंड्या फ्लेक्सच्या पायाशी रचल्या. त्या गडबडीत पट्टीवर नाव चिकटवायचं राहूनच गेलं. महांतेशनं त्यात दोन पितळी समया ठेवल्या.

“ह्या कशाला?”

“आईनं पॉलिशला द्यायला सांगितल्यात. वाटेत टाकू.”

कुंड्या कलंडू नयेत म्हणून तो बैलगाडीच्या चालीनं टेम्पो चालवत होता आणि मागच्यांना कळावं म्हणून दोन्हीकडचे दिवे लुकलुकत ठेवले होते. मी त्याच्या शेजारी बसून बाहेर बघत होते. सरांचं बोलणं अक्षरशः खरं होत होतं! रस्त्यावरचं प्रत्येक माणूस आमच्या गाडीकडे वळून बघत होतं. पानवाल्यानं चुना लावता लावता हात थांबवला. एका म्हातारबाबांनी टोपी काढली. चौकात हवालदारानं बाकीची वाहनं अडवून आम्हाला आधी सोडलं.

“बघितलंस? ह्याला ब्रँडिंग म्हणतात,” मी महांतेशला म्हणाले.

“मागनं कोणी हॉर्नपण वाजवंना गेलंय,” तो आरशात बघत म्हणाला. “आज काय झालंय गावाला?”

चादरींच्या बाजारात एका दुकानदारानं आम्हाला बघून शटर अर्धं खाली ओढलं. मला वाटलं, ऊन येत असेल. मागं मोटरसायकली साठत गेल्या, त्यांच्या मागं दोन रिक्षा, आणि कोणीच पुढं जाईना. मी मनातल्या मनात मामंजींना म्हणत होते, धुवा आता गाड्या.

अण्णांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आमच्यामागं एवढी माणसं होती की मलाच संकोच वाटला. अण्णा अजून आंघोळीला होते, काकू देवळात. महांतेशनं चौकट उतरवली आणि मी सांगितलं तिथं, जाळीजवळ, जिथं बाक यायचा होता तिथंच उभी केली. पुढं कुंड्या लावल्या. समया टेम्पोत विसरल्या जाऊ नयेत म्हणून त्यानं त्याही उतरवून दोन बाजूंना ठेवल्या. फाटकातून आलेली माणसं चपला बाहेर काढून, हात जोडून, अंतर राखून उभी राहिली. एकानं मला हळूच विचारलं, “कधी?”

“पाडव्याला,” मी म्हणाले. काम सुरू करायचं ते.

“एवढे दिवस ठेवणार?”

ह्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडच्या बंगल्यात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. शरणप्पा गॅलरीत दाढी करत होते. त्यांनी जाळीवरून फ्लेक्स बघितला, गर्दी बघितली, आणि हातातला आरसा सोडून दिला. जिना उतरून ते अनवाणी धावत आले. फाटकानं नाहीच, थेट जाळीवरून. सत्तरीला टेकलेला माणूस, धोतर तारेत अडकून टरकन फाटलं, ते त्यांच्या गावीही नव्हतं. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, अर्धा गाल गुळगुळीत. ते फ्लेक्सच्या पायाशी शेवंतीच्या कुंड्यांत कोसळले.

“अण्णा! अण्णा रे! मला न सांगता बसलास का रे असा!”

त्या ‘बसलास’ला माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. अंगावर पांढरी वस्त्रं, कपाळाला विभूती, वर फुलांची कमान, भोवती फुलं, दोन बाजूंना समया, आणि असं बसवूनच नेतात. जन्मापासून मी हे बघत आले होते. फक्त सॉफ्टवेअरमध्ये बघितलं नव्हतं.

“काका,” मी पुढं झाले, “काका, ऐका, हे चित्र आहे. ही बाग आहे...”

“बाग काय करायची आता!” शरणप्पांनी मला हातानं बाजूला सारलं. “अण्णा, एका शेंगेवरनं बोलणं टाकलंस रे! रोज गॅलरीत उभा राहायचो, तू वर बघशील म्हणून. तू बघितलंच नाहीस. मी बोललो ते चुकलं माझं, त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण तू मोठा, तू हाक मारशील म्हणून वाट बघत बसलो. आईचं झाड होतं रे! शेंगा तुझ्याच! सगळ्या शेंगा तुझ्या, पाला तुझा, बुंधा तुझा! ऊठ की रे!”

गर्दीत बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. खरं सांगायचं तर मीही रडत होते. काही शरणप्पांमुळे, काही नर्सरीमुळे. आता कुठलं काम आणि कुठलं काय.

त्याच वेळी पुण्याच्या पार्टीची पांढरी गाडी फाटकाशी थांबली. कडक इस्त्रीचा एक तरुण माणूस कागदांची लांब सुरळी घेऊन उतरला. त्यानं गर्दी बघितली, समया बघितल्या, अण्णा बघितले. सुरळी परत गाडीत ठेवली, बूट काढले, लांबूनच नमस्कार केला आणि मिनिटभर मान खाली घालून उभा राहिला. मग बूट घालून तो पुण्याला निघून गेला. माणूस संस्कारी असावा.

“कोण रडलालंय बे माझ्या दारात?”

आवाज यंत्रमागाच्या वरचा होता. सगळी गर्दी वळली. ओसरीवर अण्णा उभे होते, कमरेला स्वतःच्याच कारखान्याचा टॉवेल, अंगावरून पाणी निथळतंय. एक बाई किंचाळली. टोपी काढून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं टोपी परत घातली.

शरणप्पांनी एकदा फ्लेक्सकडे बघितलं, एकदा ओसरीकडे. तोंडावरचा फेस आणि अश्रू एक झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार, मला आणि माझ्या फ्लेक्सला जाळीपलीकडे फेकून देणार. पण ते तसेच कुंड्यांत बसून राहिले. अण्णा पायऱ्या उतरून हळूहळू त्यांच्यासमोर आले. त्यांनी किती ऐकलं होतं? न्हाणीघराची खिडकी अंगणाकडेच होती.

अण्णांनी वर शेवग्याकडे बघितलं.

“सगळ्या शेंगा?” अण्णांनी विचारलं.

शरणप्पांनी नाक ओढलं. “सगळ्या.”

“माणसांसमोर बोललायस. फिरशील.”

“नाही फिरत.”

“पालापण म्हणालास.”

“घे की पालापण.”

अण्णांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी कमरेचा टॉवेल सोडून भावाचं तोंड पुसायला घेतलं असतं, पण देवळातून आलेल्या काकू फाटकातूनच ओरडल्या, “अहो, टॉवेल!” मग त्यांनी टॉवेल तसाच ठेवला आणि उघड्या तळव्यानं भावाच्या गालावरचा फेस पुसला. “अर्धीच केलास की रे दाढी,” एवढंच म्हणाले, आणि तेही, आश्चर्य म्हणजे, हळू आवाजात.

गर्दीला चहा द्यावा लागला. काकूंनी मला स्वयंपाकघरात उभं करून कपबशा धुवायला लावल्या आणि मी निमूट धुतल्या. लोक पांगल्यावर अण्णांनी हाक मारली. बाहेर दोघं भाऊ झोपाळ्यावर शेजारी शेजारी बसले होते, एक ओला, एक अर्धा दाढीवाला.

“तुझं ते डबडं आण इकडं.”

मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर बांबूच बांबू होता.

“ह्याच्यात मागं जाता येतंय का?”

“म्हणजे?”

“बांबू लहान करता येतात का?”

मी दुसरी कळ दाखवली. अण्णांनी दाबली. अँटेना दिसला. दाबली, टाकी दिसली. मग गॅलरी.

“थांब, इथं मी उभा असतो,” शरणप्पा बोट ठेवून म्हणाले.

“माहीत आहे,” अण्णा म्हणाले आणि दाबत राहिले. खालची खिडकी आली, ओटा आला, शेवग्याचा बुंधा आला.

“अण्णा,” मी न राहवून म्हणाले, “आता तो बांबू राहिला नाही. गवत झालं.”

“हां, एवढंच ठेव. बसल्या जागेवरनं चहाचा कप पलीकडं देता आला पाहिजे. आणि बाक लांब कर. दोघं मावले पाहिजेत.”

“त्या बाईला नका हां परत बसवू,” आतून काकू म्हणाल्या.

काम मला मिळालं, आणि दोन्ही बंगल्यांचं मिळालं. बांबू गेले, पण जाळीच्या जागी मेंदीचं गुडघ्याएवढं कुंपण आलं, शेवग्याभोवती पार बांधला, दोन्ही अंगणांची एक बाग झाली. पाडव्याला मामंजींनी नर्सरीत नारळ फोडला खरा, पण आधी आणून ठेवलेल्या पाण्याच्या पाइपनं तिथं आपली स्कूटर धुऊन घेतली. अजूनही दर रविवारी धुतात.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, अशाच एका सकाळी, नर्सरीतला फोन वाजायला लागला तो थांबेचना. पहिला फोन अंबादासचा.

“मॅडम, अण्णा गेले म्हणतेत. खरं का? का तुमचं काम चालू आहे तिथं?”

मला काहीच माहीत नव्हतं. पाठोपाठ चादरींच्या बाजारातून फोन, मग पानवाल्याचा, मग कोणाकोणाचे. सगळ्यांचा प्रश्न एकच. ह्या वेळी अख्ख्या गावानं आधी मला विचारून खात्री करून घेतली आणि मगच शटर खाली ओढलं.

ह्या वेळी खरं होतं. मी पोचले तेव्हा अण्णांना ओसरीवर बसवलं होतं. पांढरी बाराबंदी, विभूती, मिटलेले डोळे. अंबादासनं आणली होती तेवढी शांती चेहऱ्यावर नव्हती. जरासे रागावलेलेच दिसत होते. शरणप्पा शेजारी भिंतीला टेकून बसले होते, भावाच्या गुडघ्यावर हात ठेवून. डोळे कोरडे. लोक येऊन त्यांच्याकडे बघत आणि कुजबुजत, ‘धक्का बसलाय, रडवा त्यांना.’ एक म्हातारी त्यांना हलवून म्हणालीसुद्धा, “रड रे बाबा, मन मोकळं कर.”

मी खाली बसले. त्यांनी मला ओळखलं.

“हे सगळे रडा म्हणतेत,” ते मला म्हणाले. “माझं रडून झालंय, पोरी. तू फ्लेक्स आणलीस त्या दिवशी. आणि त्यानं ते ऐकलं होतं.”

मी उठायला लागले तशी त्यांनी मान वळवून अंगणाकडे बघितलं. शेवगा शेंगांनी वाकला होता.

“जाताना शेंगा घेऊन जा,” ते म्हणाले. “विचारू नकोस कोणाला.”